काम बंद पडलं, पैसे अडकले: कॅलिफोर्नियातल्या मेकॅनिक्स लीनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन होजेतल्या एका ड्रायवॉल (जिप्सम बोर्डाच्या भिंती) ठेकेदाराच्या ऑफिसात मी गेली कित्येक वर्षं बिलं, नोटिसा आणि वसुली सांभाळते. मी वकील नाही. पण पैसे संपून साईट बंद पडली की इथल्या आपल्या मराठी मंडळींचे फोन येतात: कुणी टाइल्स पुरवलेल्या असतात, कुणी वायरिंग केलेलं असतं, कुणी घरमालक असतो. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. हे सगळं कॅलिफोर्नियातल्या खासगी बांधकामांना लागू आहे. कोर्टात जायची वेळ आली की बांधकाम कायद्याचा वकील गाठाच.

मेकॅनिक्स लीन म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, तो लोकांना पटकन कळतो. हा त्याच जातीचा आहे. फरक इतकाच, की इथे बोजा चढवणारा सावकार किंवा बँक नसते, तर ज्याने त्या जागेवर घाम गाळला किंवा माल दिला तो असतो. काम करून पैसे मिळाले नाहीत, तर त्या जमिनीवर आणि इमारतीवरच आपला हक्क नोंदवायचा, आणि गरज पडली तर कोर्टाकडून ती मिळकत विकायला लावून पैसे वसूल करायचे.

‘मेकॅनिक’ या शब्दाने गोंधळू नका. जुन्या इंग्रजीत हाताने काम करणारा प्रत्येक कारागीर मेकॅनिकच. अमेरिकेतला असा पहिला कायदा मेरीलँडने 1791 साली केला. तेव्हा वॉशिंग्टन ही नवी राजधानी बांधायची होती आणि गवंडी-सुतारांना मजुरीची खात्री द्यायची होती. कॅलिफोर्नियात तर हा हक्क थेट राज्याच्या घटनेत आहे, कलम 14 मध्ये. मजूर, सबकॉन्ट्रॅक्टर, माल पुरवणारा, यंत्रं भाड्याने देणारा, आर्किटेक्ट, सगळे त्यात येतात.

काम अर्धवट थांबलंय, ‘पूर्ण’ झालेलंच नाही. मग मुदत कधीपासून मोजायची?

सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच गमावतात. ‘इमारत पुरी होईल तेव्हा बघू’ असं म्हणून थांबतात. कायदा मात्र थांबत नाही. साईटवरचं काम सलग 60 दिवस बंद राहिलं, की ते कायद्याच्या हिशेबाने ‘पूर्ण’ झालं, मग छतही घातलेलं नसो. तिथून 90 दिवसांत लीन काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे मिळकतीचे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात, नोंदवावा लागतो.

पण मालकाला ही मुदत आखडती घेता येते. काम सलग 30 दिवस बंद असेल तर तो ‘नोटीस ऑफ सेसेशन’, म्हणजे काम थांबल्याची नोटीस, नोंदवू शकतो. ती नोंदली गेली की मालकाशी थेट करार असलेल्या मुख्य ठेकेदाराला 60 दिवस मिळतात आणि बाकी सगळ्यांना फक्त 30.

तारखा घालून बघा. साईटवर शेवटचं काम 1 मार्चला झालं. कुणी काहीच नोंदवलं नाही, तर 30 एप्रिलला 60 दिवस भरतात आणि लीनची शेवटची तारीख येते 29 जुलै. पण मालकाने 5 एप्रिलला ती नोटीस नोंदवली, तर सबकॉन्ट्रॅक्टरची मुदत 5 मे रोजीच संपते आणि मुख्य ठेकेदाराची 4 जूनला. जुलैच्या भरवशावर बसलेल्याचा हक्क मेमध्येच गेलेला असतो.

तुम्ही प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे ‘मी या कामावर आहे’ असं आधीच कळवणारी नोटीस (पुढच्या प्रश्नात येते), दिली असेल, तर मालकाने त्या नोंदणीची प्रत 10 दिवसांत तुम्हाला पाठवायला हवी. नाही पाठवली, तर सहसा ही आखडलेली मुदत तुम्हाला लागू होत नाही. तरी त्यावर विसंबून राहू नका, कारण मग भांडण ‘प्रत पाठवली की नाही’ यावर जातं. शिवाय मधे एखाद्या दिवशी कुणी चार माणसं येऊन प्लायवूड झाकून गेली, तर ते काम धरायचं की नाही यावरही वाद होतात. आमच्या ऑफिसचा नियम साधा आहे: आपली माणसं साईटवरून ज्या दिवशी उतरली, त्या दिवसापासून 30 दिवस मोजायचे आणि त्याच्या आत लीन नोंदवायचा. लवकर नोंदवल्याने काही बिघडत नाही, फक्त तुमचं काम थांबलेलं असायला हवं.

प्रिलिमिनरी नोटीस पाठवलीच नव्हती. आता काही होऊ शकतं का?

ज्याचा मालकाशी थेट करार नाही, अशा प्रत्येकाने काम सुरू केल्यापासून किंवा पहिला माल पोचवल्यापासून 20 दिवसांच्या आत मालकाला, मुख्य ठेकेदाराला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला ही नोटीस द्यायची असते. मुख्य ठेकेदाराने ती बँकेला द्यायची. फक्त रोजंदारीवर राबणाऱ्या मजुराला यातून सूट आहे. नोटीसच नाही, तर लीनही नाही.

उशीर झाला तरी नोटीस पाठवता येते, पण ती तारखेच्या मागे 20 दिवसच पोचते. हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी एका चार मजली अपार्टमेंटच्या कामाची नोटीस माझ्या टेबलावर, मालकाचं नाव नक्की करायचं म्हणून पडून राहिली. सर्टिफाइड मेलच्या पोचपावतीचं हिरवं कार्ड अर्धवट भरलेलं, वरती पेपरक्लिप. ती गेली तेव्हा कामाचा 47 वा दिवस होता. पुढे बिल्डरचे पैसे संपले आणि लीन लावायची वेळ आली, तेव्हा पहिल्या 27 दिवसांचं काम त्यात धरताच आलं नाही. दोन मजल्यांची बोर्डं लावून झाली होती तोवर. आमच्या मालकांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण त्या महिन्यात पगार करायला त्यांनी घरावर कर्ज काढलं, हे मला माहीत होतं.

म्हणून सांगते, नोटीस पाठवणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. ‘ओळखीचा माणूस आहे, त्याला काय वाटेल’ हा आपल्याकडचा संकोच इथे फार महाग पडतो. इथले चांगले बिल्डर नोटिशीची वाटच बघतात, कारण त्यांना पैसे कुणाकुणाचे द्यायचे याची यादी त्यातूनच मिळते. नोटीस सर्टिफाइड किंवा रजिस्टर्ड मेलने, कुरियरने किंवा हातोहात द्या आणि पोच जपून ठेवा. ईमेलवर भिस्त ठेवू नका.

लीन नोंदवायचा कसा, आणि किती रकमेचा?

मिळकत ज्या काउंटीत आहे तिथल्या रेकॉर्डरकडे. अर्जात मालकाचं नाव, मिळकतीचा पत्ता, कुणाच्या सांगण्यावरून काम केलं, काय काम केलं, आणि मिळालेले पैसे व सवलती वजा जाता नेमकं येणं किती, हे लिहून शपथेवर सही करायची. मालकाला त्याची प्रत कायद्यात दिलेल्या मजकुरासह टपालाने पाठवायची आणि पाठवल्याचा दाखला अर्जासोबतच जोडायचा. हा दाखला राहिला म्हणून लीन गेल्याची उदाहरणं आहेत.

रक्कम म्हणजे कराराची किंमत किंवा कामाचं वाजवी मोल, यांतलं जे कमी असेल ते. साईट रखडल्याने झालेलं नुकसान, बुडालेला नफा, वकिलाची फी यात घालायची नाही. चुकून हिशेब इकडेतिकडे झाला तर लीन टिकतो, पण मुद्दाम फुगवला तर सगळाच जाऊ शकतो. चेंज ऑर्डर, म्हणजे करारानंतर कामात केलेला बदल, तोंडी झाली असेल तर निदान ते मेसेज, फोटो गोळा करा.

लीन नोंदवला. आता पैसे आपोआप मिळतील ना?

नाही. नोंदवल्यापासून 90 दिवसांत सुपिरिअर कोर्टात दावा लावला नाही, तर लीन मेला. वरच्या उदाहरणात 5 मे रोजी नोंदवलेल्या लीनसाठी दाव्याची शेवटची तारीख 3 ऑगस्ट. दावा दाखल केल्यावर 20 दिवसांत ‘लिस पेंडन्स’ म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस रेकॉर्डरकडे नोंदवायची. करारात लवादाचं कलम असेल तरी दावा मुदतीतच लावायचा, आणि लवाद होईपर्यंत तो स्थगित ठेवा अशी विनंती कोर्टाला वेळेत करायची. लवाद चालू आहे म्हणून दावा लावला नाही, असं झालं तर लीन वाचत नाही.

निकाल तुमच्या बाजूने लागला की कोर्ट मिळकतीच्या विक्रीचा हुकूम देतं. खरं तर बहुतेक प्रकरणं तिथवर जातच नाहीत. लीन अंगावर असताना मिळकत विकणं, नवं कर्ज मिळवणं फार अवघड होतं, आणि त्या दबावानेच तडजोड होते.

मालक म्हणतो, ‘नवं कर्ज होतंय, महिनाभर थांबा.’ थांबावं का?

थांबा, पण कागदावर. तुम्ही आणि मालक दोघांनी सही केलेली मुदतवाढीची नोटीस 90 दिवसांच्या आत रेकॉर्डरकडे नोंदवली, तर दाव्याची मुदत वाढते, मात्र काम पूर्ण किंवा बंद झाल्यापासून एक वर्षाच्या पलीकडे नाही. सहीला तो तयार नसेल, तर त्याच्या शब्दाची किंमत तुम्हाला तिथेच कळली.

गोड बोलणारा प्रत्येक मालक लबाड असतो असं मी मुळीच म्हणणार नाही. अनेकांचा त्या नव्या कर्जावर मनापासून विश्वास असतो. पण 91 व्या दिवशी तो विश्वास तुमच्या उपयोगाचा नसतो.

बँकेचं कर्ज आधी फिटणार की आमचं येणं?

पैसे संपलेल्या प्रकल्पात खरा कळीचा प्रश्न हाच. कॅलिफोर्नियात नियम असा, की जागेवर बांधकाम प्रत्यक्ष सुरू होण्याआधी बँकेचं गहाणखत, म्हणजे डीड ऑफ ट्रस्ट, नोंदलं गेलं असेल तर बँक पहिली. काम आधी सुरू झालं असेल तर सगळे लीनधारक पहिले. आणि ‘सुरू’ म्हणजे तुमचं काम नव्हे, अख्ख्या बांधकामाचं पहिलं काम. पायाचं खोदकाम गहाणखताच्या आदल्या दिवशी झालं असेल, तर वर्षभराने आलेल्या रंगाऱ्याचा लीनही बँकेच्या पुढे उभा राहतो. (जागा साफ करणं, सपाटीकरण वगैरे वेगळ्या करारावर झालं असेल तर ते यात धरत नाहीत.)

बँकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून गहाणखत नोंदवायच्या दिवशी त्यांचा माणूस येऊन मोकळ्या जागेचे चारही बाजूंनी फोटो काढून जातो. तुम्हीही काढा. साईटवर पहिला खड्डा, पहिली चर, पहिला सिमेंटचा ट्रक, मोबाइलवर तारखेसह. एका विटेच्या किमतीचाही खर्च नाही, आणि पुढे हाच फोटो सगळ्यात मोठा पुरावा ठरू शकतो.

बँक पहिली असेल आणि तिने मिळकत लिलावात काढली, तर तुमचा लीन पुसला जातो. बँकेचं भागून काही उरलं तरच त्यात वाटा. अर्धवट इमारतीला भाव येत नाही, त्यामुळे सहसा उरत नाही. अशा वेळी नुसत्या लीनवर बसून राहू नये, हेच मला कळकळीने सांगायचं आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

लास वेगासचं फाँटनब्लू हॉटेल हे याचं मोठं उदाहरण, जरी ते नेवाडातलं असलं तरी. 2009 मध्ये कर्ज देणाऱ्यांनी हात आखडला, उंच टॉवर जवळजवळ उभा असताना काम थांबलं, कंपनी दिवाळखोरीत गेली. बँक पहिली की ठेकेदार, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘बँकेचा हक्क आधी’ असं ठेकेदारांकडून आगाऊ लिहून घेतलेलं कलम, कायद्याच्या अटी पाळल्या नसतील तर चालणार नाही, असा निकाल 2012 मध्ये लागला. ते हॉटेल उघडलं डिसेंबर 2023 मध्ये. तोवर किती छोटे ठेकेदार धंद्यातून उठले असतील याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

स्टॉप पेमेंट नोटीस म्हणजे काय?

लीन जमिनीला धरतो, ही नोटीस पैशाला धरते. बँकेकडे कर्जाचे जे पैसे अजून वाटायचे शिल्लक आहेत, त्यांतले तुमच्या येण्याइतके बाजूला काढून ठेवा, असं तिला सांगायचं. नोटिशीसोबत तुमच्या मागणीच्या सव्वापट रकमेचा बाँड (हमीपत्र) दिला तर बँकेला पैसे अडवावेच लागतात. बाँड नसेल तर अडवायचे की नाही, हे बँकेच्या मर्जीवर. बाँडसाठी शुअरटी, म्हणजे हमी देणाऱ्या, कंपनीला हप्ता भरावा लागतो, पण बँक पहिल्या नंबरवर असताना हाच रस्ता खरा. आणि इथे गहाणखत आधीचं की नंतरचं हा प्रश्नच येत नाही.

नोटीस लीनच्याच मुदतीत द्यायची असते. पण मुदतीपेक्षा महत्त्वाचं, की बँकेकडे पैसे शिल्लक असताना द्यायची. हप्ता उशिरा येऊ लागला, सुपरवायझर बदलला, मुख्य ठेकेदार फोन उचलेनासा झाला, तेव्हाच. साईटवरचं क्रेन उतरवून नेल्यावर धावपळ केली, तर तिजोरीत काही उरलेलं नसतं. मात्र बँकेने कर्जातून स्वतःचं व्याज आणि फी आधीच वळती करून घेतली असेल, तरी त्यावर नोटीस देणाऱ्याचा हक्क लागू होऊ शकतो, असं कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने 2014 मध्ये ठरवलं. म्हणून ‘शिल्लक शून्य’ हे बँकेचं उत्तर ऐकून लगेच परत फिरू नका, हिशेब मागा.

मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. सगळं संपलं का?

नाही. अर्ज झाला की त्याच्याविरुद्धची वसुली आपोआप थांबते आणि दावा लावता येत नाही. पण राज्याच्या कायद्याने दिलेली मुदत बाकी असेल तर लीन नोंदवता येतो. आणि दाव्याऐवजी त्याच 90 दिवसांत दिवाळखोरी कोर्टात केंद्रीय दिवाळखोरी कायद्याच्या कलम 546(ब) खाली, लीनचा हक्क कायम ठेवणारी नोटीस द्यायची. दिवाळखोरी झाली म्हणून दिवस मोजायचं थांबवलेल्या माणसाचा लीन जातो. हे काम वकिलाशिवाय करू नका.

लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतले ओशनवाइड प्लाझाचे तीन मनोरे तुम्ही बातम्यांत पाहिले असतील. 2019 च्या सुरुवातीला पैसे संपून काम थांबलं, 2024 मध्ये मजल्या-मजल्यांवर ग्राफिटी रंगली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुख्य ठेकेदार आणि इतर धनको स्वतःच कोर्टात गेले आणि मालक कंपनीला दिवाळखोरीत ओढलं. म्हणजे दिवाळखोरी हा दरवेळी फक्त मालकाचाच डाव असतो असं नाही.

मुख्य ठेकेदार म्हणतो, ‘मला मिळाले की तुला देतो.’ करारातही तसंच आहे.

मालकाने दिले तरच सबला द्यायचे, अशी अट कॅलिफोर्नियात चालत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच सांगितलं आहे. पैसे देणं वाजवी काळापर्यंत लांबू शकतं, कायमचं बुडू शकत नाही.

सह्यांबद्दल मात्र जपा. लीन सोडल्याचे, म्हणजे ‘वेव्हर’चे, चार छापील नमुने कायद्यातच आहेत. चेक वटेपर्यंत फक्त ‘कंडिशनल’ (पैसे मिळाले तरच लागू होणाऱ्या) नमुन्यावर सही करा. ‘अनकंडिशनल’वर सही केली आणि चेक परत आला, तर तेवढा लीन हातचा गेला.

लायसन्स नसेल तर?

तर लीन नाही आणि करारावर दावाही नाही. उलट मालक दिलेले पैसे परत मागू शकतो. 1 जानेवारी 2025 पासून 1,000 डॉलरच्या आतली, परमिट न लागणारी आणि स्वतः एकट्याने केलेली कामंच लायसन्सविना चालतात. काम चालू असताना लायसन्सची मुदत मधेच संपली तरी धोका आहे.

सरकारी शाळेचं किंवा रस्त्याचं काम असेल तर?

सरकारी मिळकतीवर मेकॅनिक्स लीन लागत नाही. तिथे स्टॉप पेमेंट नोटीस आणि पेमेंट बाँड (मजूर-पुरवठादारांच्या पैशांची मुख्य ठेकेदाराने दिलेली हमी) हे दोन मार्ग. केंद्र सरकारच्या कामांना 1935 चा मिलर कायदा लागू होतो.

मी घरमालक आहे. ठेकेदाराला सगळे पैसे दिले, तरी टाइल्सवाल्याने माझ्या घरावर लीन लावला. हे न्याय्य आहे का?

तुमचा संताप मी समजू शकते. परसात छोटं घर बांधताना ठेकेदार मधेच गायब झाला आणि तेच बिल दुसऱ्यांदा भरायची वेळ आली, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. पण टाइल्स तुमच्या भिंतीवर आहेत आणि त्याच्या हाती काही नाही, असं कायदा म्हणतो. आलेली प्रत्येक प्रिलिमिनरी नोटीस फाइलला लावा. प्रत्येक हप्त्याला त्या-त्या पुरवठादाराचा कंडिशनल वेव्हर मागा, किंवा ठेकेदार आणि पुरवठादार दोघांच्या नावे एकच चेक काढा. लीन लावून 90 दिवस झाले आणि दावा नाही, तर तो काढून टाकायला पत्र द्या आणि 10 दिवसांनी कोर्टात अर्ज करा. जिंकणाऱ्याला वकिलाची फी मिळते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. हेच नियम का?

नाहीत. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. न्यू जर्सीत व्यापारी इमारतीसाठी शेवटच्या कामापासून 90 दिवस, तर राहत्या घरांसाठी 120 दिवस आणि त्याआधी वेगळी नोटीस व लवाद. न्यूयॉर्कमध्ये साधारण 8 महिने, एका कुटुंबाच्या घरासाठी 4.

पुण्या-मुंबईत असा लीन लावता येतो का?

भावाची साईट अडकली म्हणून हे बरेच जण विचारतात. भारतात ठेकेदाराला जमिनीवर असा हक्क नाही. करार कायद्याच्या कलम 170 मधला धारणाधिकार हातातल्या वस्तूपुरता आहे: हिरा पैलू पाडायला घेतलेला कारागीर मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेऊ शकतो, गवंडी इमारत ठेवून घेऊ शकत नाही. तिकडे दिवाणी दावा, लवाद, माल पुरवणाऱ्या नोंदणीकृत छोट्या उद्योगांसाठी 2006 च्या एमएसएमई कायद्याची परिषद, किंवा येणं निदान 1 कोटी रुपये असेल तर दिवाळखोरी संहिता, हे मार्ग आहेत.

वकिलाकडे जाताना काय काय न्यायचं?

करार, चेंज ऑर्डरी, बिलं, मालाच्या सही केलेल्या पावत्या, हजेरीची पत्रकं, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे फोटो, सही केलेला प्रत्येक वेव्हर, आणि प्रिलिमिनरी नोटिशीची पोस्टाची पोच. नोटिशीचं पाकीट ‘पत्त्यावर कुणी नाही’ म्हणून परत आलं असेल, तर ते फोडू नका. तसंच बंद न्या.